घरचा ठेवा आणि चार संगणक

गेल्या भाऊबिजेस आमच्या सोलापूरच्या घरीं सगळी मंडळी जमली होती. जेवणें आटोपून पानसुपारी चालली असतां धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "ताई, आजींच्या ओव्या लावा ना." आमच्या घरांत सणावारीं ही फर्माईश ठरलेलीच असते. मीं संगणक उघडला, संग्रहांतील 'आजी' नांवाचा कप्पा काढला, आणि तो रिकामा होता. पुण्याच्या पुतण्यानें आपला संगणक उघडून पाहिला; त्यांतहि नाहीं. नणंदेची मुलगी जर्मनींत असते. तिला विचारलें, तर तिच्याकडेहि नाहीं. तीन गांवीं, तीन यंत्रांवर सुरक्षित म्हणून ठेवलेली वस्तु तिन्ही ठिकाणांहून नाहींशी झाली होती, आणि चोर मात्र कोठें दिसेना.

या ओव्यांचें मोल वाचकांस कळावें म्हणून थोडें मागें जातें. माझें सासर सास्तूरचें. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांत, तेरणेच्या खोऱ्यांत हें गांव आहे. १९९३ सालीं अनंतचतुर्दशीच्या रात्रीं गणपति बोळवून लोक झोपले, आणि ३० सप्टेंबरच्या पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं धरणी हालली. त्या भूकंपाला किल्लारीचें नांव पडलें, पण सास्तूरचीहि त्यांत धूळधाण झाली. ६.२ मापाचा तो धक्का जगांतील मोठ्या धक्क्यांत गणला जाण्यासारखा नव्हता. परंतु आमच्याकडील जुनीं घरें म्हणजे मातींत रचलेल्या दगडगोट्यांच्या दोन दोन हात रुंद भिंती, आणि वर लांकडी तुळयांवर जाड मातीचें माळवद. वैशाखांत जें छप्पर गारवा देई, तेंच झोपलेल्या माणसांच्या छातीवर आलें. त्या एका पहांटे आठ ते दहा हजार माणसें गेलीं. आमच्या घरचीं दोघें गेलीं. माझे आजेसासरे त्यांपैकीं एक. आजेसासूबाईंना, म्हणजे आमच्या आजींना, दुपारीं बाहेर काढलें.

मी या घरांत आलें तें १९९९ मध्यें. आजी तेव्हां नव्या घरांत राहत होत्या, आणि जुन्या घरांतील म्हणून त्यांच्यापाशीं एकच वस्तु होती : जातें. तें दगडाचें, म्हणून धड निघालें. आजेसासऱ्यांचा आवाज कोठेंच उरला नाहीं ही रुखरुख त्यांनीं कधीं बोलून दाखविली नाहीं. पण २००१ च्या उन्हाळ्यांत मीं भीत भीत टेपरेकॉर्डर जात्याजवळ ठेवला, तेव्हां त्यांनीं नको म्हटलें नाहीं. एवढ्यावरून मीं काय तें ओळखलें. ओव्या, डोहाळे, पाळणे, मधूनच गांवांतल्या कोणाची गोष्ट, कोणाला बोल, असें करीत १४ कॅसेटी भरल्या. २००६ मध्यें आजी गेल्या.

जात्यावरच्या ओव्या हा एकट्यादुकट्या घराचा ठेवा नव्हे, हें मला पुढें कळलें. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनीं गांवोगांवच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानें त्या सर्वांस वाचावयास व ऐकावयास खुल्या केल्या आहेत. त्या ऐकून मन भरून येतें. तरी आपल्या घरची बाई ज्या ठिकाणीं श्वास घेते, तें ठिकाण दुसऱ्या कोणाच्या ओवींत सांपडत नाहीं.

आतां छायाचित्रांचें. सास्तूरच्या घरांत जुने आल्बम होते, ते भूकंपांत मातीला मिळाले. असें असून आज आमच्यापाशीं १९५० च्या आधींचीं तीसएक छायाचित्रें आहेत, तीं कशीं, हा किस्सा सांगण्याजोगा आहे. आमच्या चुलत घराण्याचा वाडा पुण्यास नदीकांठच्या पेठेंत होता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि त्या वाड्यांत पुरुषभर पाणी चढलें; त्यांच्याकडील आल्बमांचा लगदा झाला. तेव्हां पुण्याच्या काकूंनीं सास्तूरला पत्र घालून मुंज-लग्नांचीं चित्रें मागविलीं, आणि आजेसासऱ्यांनीं तीं सोलापूरच्या छायाचित्रकाराकडून पुन्हां काढवून त्यांच्या नकला पाठविल्या. त्या वेळीं हा खर्च घरांत कोणाला फारसा रुचला नव्हता म्हणतात. बत्तीस वर्षांनीं मूळ चित्रें गेलीं, आणि उपकार म्हणून दिलेल्या त्या नकलाच घरीं परत आल्या. पाण्यानें पुण्याचें नेलें तें सास्तूरनें दिलें. मातीनें सास्तूरचें नेलें तें पुण्यानें दिलें. दोन घरांत अंतर होतें, एका संकटाला दोन्हीं घरें एकाच दिवशीं गांठतां आलीं नाहींत, म्हणूनच हें घडलें.

हा धडा आमच्या घराला दोनदां मिळालेला होता. तरीहि आम्ही फसलों, आणि फसलों तें नकलांच्या अतिपरिचयामुळें.

२००९ मध्यें माझ्या दिरांनीं कॅसेटी संगणकावर उतरविल्या. आवाजाचे दर सेकंदास ४४,१०० नमुने घ्यावयाचे, डावा व उजवा असे दोन प्रवाह, अशा रीतीनें कांहीं न दडपतां उतरविलें तर एका तासाच्या कॅसेटीस सुमारें ६३५ मेगाबाईट जागा लागते. १४ कॅसेटींचे नऊ गिगाबाईट झाले. त्यांत छायाचित्रें, लग्नांच्या चित्रफिती, अप्पांचीं प्रवचनें, मुलांचीं गॅदरिंगें पडत गेलीं, आणि संग्रह ४८० गिगाबाईटवर गेला. सोलापूर, पुणें, सास्तूर, जर्मनी अशा चार ठिकाणीं तो असावा, आणि कोणीं एकानें नवीन कांहीं घातलें तर तें चौघांकडे आपोआप जावें, अशी सोय एका कंपनीच्या कार्यक्रमानें आम्हीं करून घेतली. मुलें याला 'सिंक करणें' म्हणतात. आपण एकरूप राखणें म्हणूं. सोय इतकी सुखाची होती कीं, कोणाकडे काय आहे हें पाहण्याचेंच आम्हीं सोडून दिलें.

एकरूप राखणें म्हणजे काय, हें घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं एकदां समजून घ्यावें. तें कठीण नाहीं. प्रत्येक यंत्र आपल्याजवळच्या फाइलींची यादी बाळगतें : नांव, आकार, शेवटचा बदल केव्हांचा. यंत्रें एकमेकांस याद्या दाखवितात, आणि जेथें फरक दिसेल तेथें नवें तें जुन्याची जागा घेतें. मेख अशी कीं, फाईल काढून टाकणें हाहि एक बदलच आहे. 'आहे' ही बातमी जितक्या तत्परतेनें जाते, तितक्याच तत्परतेनें 'नाहीं' ही बातमीहि जाते. तसें नसतें तर पुण्यास काढून टाकलेला केर सास्तूरहून भुतासारखा रोज परत आला असता. तेव्हां यांत यंत्राकडे बोट दाखवितां येत नाहीं. आम्हीं त्याला चारहि घरें सारखीं राख म्हणून सांगितलें. एका घरांतून वस्तु गेली, त्यानें चारहि सारखीं केलीं.

वस्तु गेली ती पुण्याहून. पुतण्याचा संगणक आषाढांत भरला. त्यानें मोठमोठ्या फाइली शोधल्या. आजींच्या कॅसेटी सर्वांत अवजड. "माझ्याकडची नक्कल काढतों, सोलापूरला आहेतच," एवढाच त्याचा विचार. कंपनीची केराची टोपली ३० दिवस वस्तु ठेवते आणि मग रिकामी करते. भाऊबीज येईपर्यंत ते ३० दिवस केव्हांच उलटून गेले होते. त्या संध्याकाळीं हें सारें उलगडलें तेव्हां पोर पांढरेंफटक पडलें. कोणी त्याला बोललें नाहीं. जाऊबाईंनीं त्याच्यापुढें चकलीची बशी सारली, ती तशीच राहिली.

मूळ कॅसेटी आहेत कीं, असें वाचक म्हणतील. आहेत; पण वीस-बावीस वर्षांत आमच्या उन्हाळ्यांनीं त्यांच्या फिती वेटोळ्याला वेटोळें चिकटून बसल्या आहेत. दोन लावून पाहिल्या, त्यांतली एक तुटली.

तेवढ्यांत मला सास्तूरची आठवण झाली. माझे चुलतसासरे अप्पा तेथें राहतात. गुडघ्यानें धरल्यामुळें ते भाऊबिजेस आले नव्हते. त्यांच्या संगणकाची विजेची बॅटरीपेटी गुढीपाडव्याच्या सुमारास जळाली, आणि तेव्हांपासून तो बंद होता. म्हणजे आषाढांतील 'नाहीं' ही बातमी त्याला कोणीं सांगितलेलीच नव्हती! मीं फोन केला.

"अप्पा, संगणक चालू केलात का?"

"आतांच करतों आहें. पुण्याच्या पोराचा फोन होता, तुमच्याकडे बघा म्हणून. नवी पेटी दसऱ्यालाच आणून ठेवलीय. बटणावर बोट आहे."

"दाबूं नका! आधीं भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीची तार काढा."

"कां ग?"

"मग सांगतें अप्पा. आधीं तार काढा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ कांहींच नाहीं. "काढली. हिरवे दिवे गेले. आतां काय करूं?"

आतां कांहीं करूं नका, असें मीं सांगितलें. तार तशीच राहून संगणक सुरू झाला असता, तर त्यानें प्रथम इतर घरांची खबर घेतली असती आणि थोड्याच वेळांत आजींच्या चौदाहि फाइली आज्ञाधारकपणें काढून टाकल्या असत्या. दुसऱ्या दिवशीं पहिल्या एस. टी.नें दीर उमरग्यावरून सास्तूरला गेले, कोरी डिस्क जोडून सगळा संग्रह उतरवून घेऊन आले. चौदाच्या चौदा मिळाल्या. जें यंत्र मागासलेलें, बंद पडलेलें, म्हणून आम्ही थट्टा करीत होतों, त्यानें लाज राखली.

यानंतर आमच्या घरांत जी व्यवस्था झाली, ती कोणा गृहस्थाला उपयोगी पडेल म्हणून सांगतें. पहिली गोष्ट ही कीं, एकरूप प्रति आणि राखीव प्रत हे दोन पदार्थ वेगळे आहेत. एकरूप प्रति रोजच्या वापरासाठीं; राखीव प्रत ही तुटलेली, कोणाशींहि न बोलणारी असली पाहिजे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानें रूढ केलेला हिशेब सोपा आहे : तीन प्रति, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या गांवीं. आमचे पूर्वज अजाणतां दुसऱ्या गांवाचें कलम पाळीत होते.

दुसरें, आम्हीं कार्यक्रम बदलला. 'सिंकथिंग' म्हणून एक फुकट मिळणारा कार्यक्रम आहे. याकोब बोर्ग या स्वीडिश गृहस्थानें तो २०१३ मध्यें प्रथम लोकांपुढें ठेवला, आणि त्याची घडण कोणालाहि तपासतां येते. यांत आपल्या फाइली कोणा कंपनीच्या कोठारांत राहत नाहींत, एका घरच्या यंत्रावरून दुसऱ्या घरच्या यंत्रावर जातात. त्यांतील प्रत्येक कप्पा 'देणारा', 'घेणारा' किंवा 'देणारा-घेणारा' असा ठरवितां येतो. आम्हीं दोन कप्पे केले. 'आवक' हा सर्वांचा. त्यांत ज्यानें त्यानें नवीन चित्रें टाकावीं. 'भांडार' हा सोलापूरहून फक्त देणारा, इतर घरीं फक्त घेणारा. आवकेंतून भांडारांत काय जावयाचें तें महिन्यांतून एकदां मी आणि दीर बसून ठरवितों. अशानें पुण्याच्या पोरानें आपल्याकडचें कांहीं पुसलें तरी तें पुण्यापुरतें राहतें. राहिली माझीच चूक. तिच्यासाठीं पुण्याच्या व जर्मनीच्या यंत्रांवर जुन्या आवृत्ति वर्षभर ठेवण्याची योजना आहे. येथें एक बारकावा लक्षांत ठेवावा : ही योजना दुसऱ्याकडून आलेल्या बदलापूर्वींची प्रत राखते, स्वतःच्या हातानें पुसलेल्याची नव्हे. म्हणजे माझ्या चुकीची भरपाई माझ्याकडे नसून पुण्यास आहे. एकत्र कुटुंबाला हें कांहीं नवें नाहीं.

सास्तूरचें यंत्र आतां मुद्दामच इंटरनेटला जोडलेलें नाहीं. तेथें दहा मेगाबिट वेग सतत मिळाला तरी ४८० गिगाबाईट पोंचावयास जवळजवळ साडेचार दिवस लागतील, आणि वीज इतकी सलग राहत नाहीं. त्यापेक्षां गुढीपाडव्यास आणि दसऱ्यास डिस्क हातानेंच जाते-येते. दोन डिस्का आहेत. एक जाते तेव्हां दुसरी परत येते, म्हणजे एकाच पिशवींत दोन्ही कधीं असत नाहींत. नेण्यापूर्वीं आणि पोंचल्यावर प्रत्येक फाइलीचा एस्-एच्-ए-२५६ नांवाचा पडताळा काढावयाचा. हा ६४ अंकाक्षरांचा आंकडा फाइलीच्या मजकुरावरून निघतो, आणि आंत एक कण बदलला तरी सबंध बदलतो. दोन्हीं याद्या जुळल्या म्हणजे झालें.

या कामांत मराठी घरांना नडणारी एक गोष्ट मला कोठें लिहिलेली आढळली नाहीं, म्हणून सांगतें. आमच्या संग्रहांत 'पंढरीच्या वाऱ्या' असे दोन कप्पे दिसूं लागले. नांव अक्षरशः एक, आंतील चित्रें निराळीं. अर्धीं एकांत, अर्धीं दुसऱ्यांत. मीं एक काढून पाहावा म्हटलें, तर चित्रें जाण्याची भीति. शेवटीं भाचीनें उलगडा केला. आपला हा अर्धा र संगणकांत दोन तऱ्हांनीं लिहितां येतो : एक, त्याच्यासाठीं युनिकोडांत असलेलें 'ऱ' हें स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडावयाचा, दुसरी, साध्या र चा पाय मोडून पुढें एक अदृश्य सांधा घालावयाचा. कागदावर दोन्हीं सारखीं, यंत्राला दोन भिन्न नांवें. दिरांच्या जुन्या संगणकाची कळपाटी एका तऱ्हेनें लिहिते, माझा फोन दुसऱ्या. तेव्हांपासून कप्प्यांच्या नांवांत आम्हीं आधीं इंग्रजी तारखेचे आंकडे घालतों, आणि अर्धा र येईल असा शब्द टाळतों. 'पंढरपूर-वारी' म्हटल्यानें पांडुरंग रागावत नाहीं.

मतभेदाची गोष्ट मात्र यंत्रानें सुटत नाहीं. एकाच फाइलींत दोघांनीं एकाच वेळीं बदल केला, तर सिंकथिंग कोणाचाच बदल गिळत नाहीं. जुन्या वेळेचा बदल 'विरोधी प्रत' असें नांव देऊन बाजूला ठेवतो. आमच्याकडे छायाचित्रांखालील नांवांची एक यादी आहे, आणि ती आवकेंतच असते. १९३८ च्या एका मुंजीच्या चित्रांत खांबाला टेकून उभी असलेली नऊवारींतली मुलगी कोण, यावर अप्पांचें आणि पुण्याच्या काकूंचें जमत नाहीं. अप्पा म्हणतात थोरली आत्या. काकू म्हणतात माहेरची पाहुणी. अप्पा दसऱ्याला सोलापूरला आले होते, त्या दिवशीं दोघांनींहि यादी दुरुस्त केली, आणि दुसऱ्या दिवशीं यादीच्या दोन प्रति झाल्या.

हें पाहून अप्पा हंसून म्हणाले, "नाथांना बोलवा." शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीच्या हातोहात बिघडलेल्या प्रति ताडून पाठ शुद्ध केला, प्रति पुष्कळ झाल्या कीं पाठभेद होणारच, हें त्यांना ठाऊक होतें. आमच्याच जिल्ह्यांत परंडा तालुक्यांत डोमगांवचा मठ आहे. कल्याणस्वामींनीं लिहिलेली आणि समर्थांनीं स्वतःच्या हातानें शोधलेली म्हणून दासबोधाची जी प्रत मानली जाते, ती तेथली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनीं ती छापून लोकांपुढें आणली. दासबोधाच्या नकला मठोमठीं होत होत्या, पण ताडून पाहावयाची ती प्रत एका ठिकाणीं, एका माणसाच्या जोखमींत राहिली. आम्हीं भांडार सोलापूरला ठेवलें तें याच न्यायानें. आत्या कीं पाहुणी, याला मात्र आमच्या घरांत नाथ नाहींत. दोन्हीं याद्या ठेवल्या आहेत.

भाऊबिजेच्या तिसऱ्या दिवशीं दीर डिस्क घेऊन परतले. आम्हीं ओव्या लावल्या. पांचव्या कॅसेटींत माझ्याच बांगड्या वाजतात, मध्येंच कुकरची शिटी होते, आणि आजी ओवी थांबवून म्हणतात, "अग, आधीं भात बघ." पुतण्या त्या दिवशीं पुण्यास परत जावयाचा होता, तो राहिला, आणि चौदाहि कॅसेटींत कोणत्या मिनिटाला काय आहे याची यादी त्यानें चार दिवस बसून केली. आतां दर दसऱ्याला पडताळा काढण्याचें काम त्यानें आपल्याकडे मागून घेतलें आहे.

सास्तूरच्या देवघराच्या कपाटांत कड्या लावलेल्या डब्यांत डिस्क असते. अप्पांनीं डब्यावर तिथि लिहून ठेवली आहे. दिरांच्या सासुरवाडीहून आतां आणखी तीन कॅसेटी निघाल्या आहेत. त्यांत त्यांच्या आजीचीं भोंडल्याचीं गाणीं आहेत म्हणतात, पण आमचा टेपरेकॉर्डर मागच्या त्या तुटलेल्या फितीपासून रुसला आहे. सोलापूर किंवा उमरगें भागांत कोणा वाचकाच्या घरीं चालता कॅसेट-यंत्र असल्यास संपादकांमार्फत अवश्य कळवावें. फीत आम्ही स्वतः घेऊन येऊं, आणि यंत्राला आपल्याच घरीं हात लावूं.